सूडकथा लिहितोय, पण ज्याच्यावर सूड घ्यायचा तो माणूसच उभा राहत नाही

वाघोटणचा_वारा

मंडळी, एक कथा लिहून चार जणांना वाचायला दिली. चौघांचाही सूर एकच: गोष्ट बरी आहे, पण शेवटी दत्ताचं वाटोळं होतं तेव्हा काहीच वाटत नाही. म्हणून हा धागा.

कथा थोडक्यात अशी. विजयदुर्ग खाडीच्या काठचं गाव. विष्णूचे वडील लवकर गेले आणि सामायिक बागेतली चाळीस हापूस कलमं चुलत्याने आपल्या नावावर लावून घेतली. विष्णू मुंबईला गेला, मसाल्याच्या दुकानात लागला, पुढे स्वतःचा धंदा केला. आता चुलता नाही, बाग त्याच्या मुलाकडे, दत्ताकडे आहे, आणि दत्ता कर्जात आहे. विष्णू दुसऱ्याच माणसाला पुढे करून ती बाग पाच वर्षांच्या कराराने घेतो आणि कलमांना बेसुमार कल्टार (मोहोर आणणारं औषध) घालतो. दोन वर्षं झाडं मोहोराने लदलेली, दत्ता गावात ताठ मानेने फिरतो. तिसऱ्या वर्षी झाडं बसतात. मग विष्णू समोर येतो.

दत्ता दारू पितो, बायकोवर हात उचलतो, गड्यांची मजुरी बुडवतो, कुत्र्याला लाथ घालतो. विष्णू सोसणारा, कमी बोलणारा. दत्ताला जरा चांगला करायला जावं तर सूडातला दम जातो, वाईटच ठेवावा तर तो पुठ्ठ्याचा वाटतो. काय करू?

सोलकढी_प्रेमी

कुत्र्याला लाथ मारणारा खलनायक आला की मी कथा तिथेच मिटते. पुढे काय होणार ते त्या कुत्र्यालासुद्धा कळलेलं असतं.

कातळावरची

आमच्या नात्यात असा एक दत्ता आहे. नावगाव सांगत नाही, माणूस अजून हयात आहे आणि त्याचा मुलगा बहुधा इथे वाचत असेल.

त्याने काय केलं? तर तुमच्या कथेतल्या चुलत्याने केलं तेच. पण दारूचा थेंब नाही, देवळात पहिल्या रांगेत, आणि दरवर्षी मे महिन्यात आमच्या चाळीत हापूसची पेटी न चुकता पाठवणार. कोऱ्या लाकडाची पेटी, आत पेंढा, वरच्या थरात एकसारखी फळं, आणि वर चिठ्ठी: "वहिनीस नमस्कार, मुलांस आशीर्वाद." आई पेटी फोडून पिकायला लावायची. बाबा हात लावायचे नाहीत. पण आम्ही खायला बसलो की लांबूनच साल बघून म्हणायचे, "ह्यो विहिरीकडच्या कलमाचो." कुठल्या झाडाचं फळ आहे ते त्यांना पेटीत बघून कळायचं!

आता गंमत अशी की पेटी पाठवणाऱ्याला आपण चोर आहोत असं कधी वाटलंच नसणार. त्याच्या लेखी तो औदार्य दाखवत होता. फवारण्या त्याने केल्या, राखण त्याने केली, वानर त्याने हाकलले. "मुंबईकरांनी काय केल्यानी?" हा त्याचा प्रश्न, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

तुमच्या दत्ताची दारू सोडवा आणि त्याला पेटी पाठवायला लावा. मग बघा तो किती संतापजनक होतो ते.

गडगा

मी भूमापन खात्यातून निवृत्त. कथेतलं मला कळत नाही, पण "आपल्या नावावर लावून घेतली" हे वाक्य वाचून हात शिवशिवले. म्हणजे नक्की कसं?

असं एका रात्रीत होत नाही हो. बहुतेक ठिकाणी झालं ते असं. थोरल्याचं नाव सातबाऱ्यावर ए.कु.मॅ. म्हणून लागलं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. त्या काळी सोय म्हणून सगळ्यांनीच मान डोलावली. पुढे थोरला वारला, त्याच्या मुलांची वारस नोंद झाली, आणि नव्या फेरफारात ती तीन अक्षरं गळून पडली. धाकट्याची पोरं मुंबईत. नोटीस आली ती गावच्या घरी, घेतली कोणी ते देवाला ठाऊक.

म्हणजे दत्ताला लहानपणापासून सातबाऱ्यावर बापाचं नाव दिसलंय. त्याच्यापुरता तो मालकच. चोरी झाली असेल तर ती त्याच्या बापाने केली, किंवा बापाने फक्त कारकुनाची चूक तशीच राहू दिली. यातलं कुठलं ते तुम्ही ठरवा, पण ठरवल्याशिवाय लिहू नका.

सोलकढी_प्रेमी

गडगाकाका, दंडवत! कथेतलं कळत नाही म्हणता आणि सगळी कथाच हातात दिलीत.

देवगड_बागायत

मी स्वतः बागायतदार. दोन गोष्टी.

कल्टारबद्दल. हापूस वर्षाआड धरतो, तो दरवर्षी धरावा म्हणून हे औषध. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे 3 मिली अशी आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बुंध्याभोवती पहारीने भोकं पाडायची, पाण्यात मिसळून ओतायचं, माती लोटायची. प्रमाणात दिलं आणि खत नीट घातलं तर झाड चालतं. करारवाले काही जण मात्र हात सैल सोडतात, कारण करार संपला की झाड त्यांचं कोण? पालवी आखूड येते, गुच्छ झाल्यासारखी, फांद्यांची वाढ खुंटते. त्यामुळे तुमचा कट खोटा नाही. फक्त "तिसऱ्या वर्षी झाडं बसतात" हे इतकं घड्याळ लावल्यासारखं होत नाही. काही बसतील, काही तग धरतील. सगळी चाळीस एकदम झोपवू नका.

दुसरं स्वभावाबद्दल. ज्या कलमांसाठी विष्णू आयुष्यभर जळला तीच तो जाळतो? बापाने लावलेली असतील तर माझा हात धजणार नाही. धजला, तर तो माणूस दत्तापेक्षा भयंकर आहे, आणि तुम्ही त्याला "सोसणारा, कमी बोलणारा" म्हणून सोडून दिलंय. तुमची अडचण दत्ताची नाहीच, विष्णूची आहे.

हो, आणि औषध ओततो कोण? मुंबईहून येऊन विष्णू पहार मारणार का? आमच्याकडे बागेत नेपाळी गडी असतात, वर्षानुवर्षं राहतात, झाडं त्यांना आमच्याइतकी ठाऊक. दुप्पट-तिप्पट ओतायला सांगितलं की त्याला कळतं. तो काय करतो?

खाडीपलीकडे

हा कथेचा धागा आहे की कृषी सल्ल्याचा? हलकेच घ्या. जाता जाता, तुडतुड्यांसाठी सध्या काय मारताय?

देवगड_बागायत

व्यक्तिगत निरोप करा. इथे नको, विष्णू वाचतोय.

वकीलबाई_सावंतवाडी

एक साधा प्रश्न. विष्णूला बहीण आहे का?

विचारते कारण माझ्याकडे असे विष्णू महिन्याला येतात. चुलत्याने गिळलं, चुलतभावाने गिळलं, डोळ्यांत पाणी. मग मी वारसांची यादी काढायला सांगते. दोन बहिणी निघतात. "त्यांनी सोडलं हो, हक्कसोडपत्र केलंय." कधी केलं? गणपतीला माहेरी आल्या होत्या तेव्हा. काय दिलं? साडी.

हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. पण नोंदणीकृत हक्कसोड करून दिलं असेल तर तिची वाट बिकट होते. तुमच्या विष्णूने बहिणीची सही घेतलेली असेल तर त्याच्या तोंडचं "अन्याय" कोणत्या आवाजात येतं ते बघा.

वाघोटणचा_वारा

बहीण आहे. "सुमनचं लग्न वैभववाडीला झालं" एवढ्या एका वाक्यात. वकीलबाई, आज झोप नाही मला.

दर्यावर्दी_मालवण

सगळे आंब्यातच अडकलात. ही कथा दर्यावर न्या.

आमच्याकडे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन-एलईडीवाले (मोठ्या जाळ्यांनी, दिवे लावून मासे पकडणारे) यांचं वैर तुम्ही पेपरात वाचता. पेपरात येत नाही ते असं की दोन्हीकडे एकाच घरातली माणसं असतात. एक भाऊ रापणीचा दोर ओढतो, दुसरा ट्रॉलरवर खलाशी. जाळं फाडलं, शिव्या झाल्या, पोलीस झाले. आणि मग त्याच माणसाचं इंजिन बाहेर बंद पडलं की त्याला बांधून कोण आणतो? ज्याचं जाळं फाटलं तोच. वाटभर एक अक्षर बोलत नाही. बंदरात दोर सोडतो आणि निघून जातो. मी हे पाहिलंय. वाचवलेल्या माणसाची मान वर होत नव्हती. याहून मोठा सूड मला तरी ठाऊक नाही.

खाडीपलीकडे

कथा आवडली, पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत सूड कसा घ्यायचा?

दर्यावर्दी_मालवण

तेव्हा जाळी शिवत बसतात आणि पुढचो बेत करतत.

पेटी_मृदंग

दशावतारातलं सांगतो. राक्षसपार्ट करणाऱ्या नटाची लोक वाट बघत असतात. राजा येतो, बोलतो, ठीक आहे. राक्षस आरोळी ठोकत आला की मागे पेंगणारी म्हातारी उठून बसते. रंगमंचावर सामान म्हणावं तर एक बाकडं. संहिता लिहिलेली नसते, आख्यान ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या रचायचे. शेवट सगळ्यांना ठाऊक: राक्षस मरणार. मग रात्रभर बघायचं काय? तर वाद. राजा धर्म सांगतो आणि राक्षस एकेक मुद्दा खोडत जातो. चांगला राक्षसपार्टी राजाला घाम फोडतो. कधी कधी खालून लोक त्याच्याच बाजूने टाळ्या देतात. मग वध होतो, आणि झाला तो बरा की वाईट अशी चुटपुट घेऊन माणसं पहाटे घरी जातात.

तुमच्या दत्ताला वादच दिलेला नाही. शेवटी विष्णू समोर येऊन भाषण करतो आणि दत्ता ऐकतो, असंच आहे ना? त्याला बोलू द्या. आणि असं बोलू द्या की विष्णूला उत्तर सुचायला नको.

परदेशी_पाटी

मी उलट बाजूने. एडगर अॅलन पो याची सूडावरची एक कथा 1846 साली छापून आली. अपमान केला म्हणून निवेदक मित्राला तळघरात नेऊन भिंतीत चिणतो. अपमान काय होता? शेवटपर्यंत सांगत नाही. पण वाटेत तो सारखा त्या मित्राच्या खोकल्याची काळजी करतो: ओल आहे, परत फिरू या, तब्येत सांभाळ. ही काळजी वाचताना अंगावर काटा येतो. मित्र कसा आहे? दारूचा जाणकार, फुशारकी मारणारा, विदूषकाच्या टोपीत. वाईट माणूस असल्याचा एकही पुरावा नाही. आणि निवेदक हे सगळं पन्नास वर्षांनी सांगतोय, म्हणजे त्याची सुटका झालेली नाही.

तेव्हा माझं मत: ए.कु.मॅ. वगैरे सगळं काढून टाका. अन्याय सांगूच नका. विष्णूची दत्ताबद्दलची काळजी दाखवा.

गडगा

तिकडे चालत असेल. इकडचा वाचक पहिल्या पानावर विचारणार, "मग दावो कित्याक नाय घातल्यान?"

कातळावरची

गडगाकाकांशी सहमत, पण काळजीचा मुद्दा मला पटला. आमच्याकडे वैरी वैऱ्याची जितकी चौकशी करतो तितकी सख्खा भाऊ करत नाही. त्याची साखर किती, मुलाला नोकरी लागली का, छप्पर गळतं का. सगळी खबर.

शांतादुर्गा_पायरी

मला तुम्हा सगळ्यांचा जरा कंटाळा आलाय, स्पष्टच बोलते. हल्ली प्रत्येक खलनायकाची बाजू समजून घ्यायची. पेटी पाठवतो, फवारणी करतो, बिचारा. काही माणसं हलकट असतात हो! माझ्या मावशीचा नवरा होता. सकाळी पूजा करायचा, संध्याकाळी पट्ट्याने मारायचा. त्याची बाजू मला समजून घ्यायची नाही, आणि तो मेला तेव्हा मावशीने गूळ वाटला तर मला ती कथा तशीच हवी.

मूळ कथेत दत्ता बायकोवर हात उचलतो असं आहे. ते तुम्ही सगळ्यांनी दारूबरोबर काढून टाकलंत. का? कारण ते राहिलं तर दत्ताशी प्रेमाने वागता येत नाही. ठेवा ते. आणि त्या बायकोला नाव द्या. तिला ठाऊक आहे करार खरा कोणाचा आहे. तिने सांगितलं नाही नवऱ्याला. मग सूड कोणाचा झाला?

पेटी_मृदंग

टाळ्या! पण एक सांगू? हात उचलणारा आणि पेटी पाठवणारा एकच माणूस असू शकतो. तुमच्या मावशीचा नवरा पूजा करायचा, हे तुम्हीच लिहिलंत.

शांतादुर्गा_पायरी

असू शकतो. पण मग पेटीने पट्टा धुतला जाऊ नये, इतकंच.

शिरगावची_सून

धागा उशिरा वाचला. यात गणपती कसा नाही? मूळ घर दत्ताकडे, म्हणजे गणपती दत्ताकडे. केस चालू असो, बोलणं बंद असो, विष्णूला चतुर्थीला तिथेच यावं लागतं. आमच्याकडे दोन दीर कोर्टात समोरासमोर उभे राहतात आणि घरी एकाच गणपतीपुढे झांजा वाजवतात. एक आरती उंच सुरात धरतो, दुसरा मुद्दाम त्याहून उंच. मधली जावा-जावांची दमछाक कोणी बघत नाही.

आणि गाऱ्हाणं असतं ना! "जो कोण आमच्या वाड्याचो वायट चितीत असात…" असं म्हणतात तेव्हा "व्हय म्हाराजा" सगळ्यांनी म्हणायचं. विष्णूनेसुद्धा.

देवगड_बागायत

ताई, हे जबरदस्त. शिवाय हिशोबही बसतो. कल्टार श्रावणाच्या आसपास पडलेलं असणार, गणपती भाद्रपदात. ओतून झाल्यावर आलाय तो जेवायला.

खाडीपलीकडे

एक शंका. कथा कुठल्या साली? 2021 च्या मे महिन्यात, 16 तारखेला, तौक्ते वादळ इथून गेलं. विष्णूचं तिसरं वर्ष तेच असेल तर? दोन वर्षं विष घालून बसलाय, आणि एका रात्रीत वारा झाडं आडवी करून गेला. दत्ता पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघतोय. भरपाईसुद्धा मिळेल थोडीफार. विष्णूच्या हाताला काय लागलं? या वेळी मी थट्टा करत नाहीये.

परदेशी_पाटी

वादळ आणलं की लेखकाची सुटका होते, म्हणून मला नको. पण तेव्हा विष्णू मुंबईहून दत्ताला फोन करतो का, आणि पहिलं वाक्य काय बोलतो, एवढं मात्र वाचायला आवडेल.

सोलकढी_प्रेमी

"विहिरीकडचा कलम उभा आसा मां?"

कातळावरची

सोलकढी, हे वाक्य माझ्या बाबांचं आहे. वापरलंत तर पेटी पाठवावी लागेल.

वाघोटणचा_वारा

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. वादळ घेत नाहीये. शेवटचं भाषणही काढलं, विष्णू कधीच उघड होणार नाही. दत्ताच्या बायकोचं नाव सरिता. हात उचलतो ते ठेवलंय, पण प्रसंग दाखवलेला नाही, तिच्या मनगटाकडे विष्णू बघतो आणि नजर काढून घेतो. गणपतीतला एक तुकडा लिहिलाय तो इथे टाकतो, झोडा.

*आरती संपली तसं दत्ताने स्वतः पान मांडलं. विष्णूचं पान आपल्या शेजारी. "बस हय. पंख्याखाली बस."*

*वरण वाढलं, तूप वाढलं. दत्ताची बोटं औषधाने पिवळी पडलेली, नखांत माती. "औंदा करारवाल्याचो माणूस बरो गावलो. बागेत झाडू मारल्यासारख्या ठेवता. माका तर वाटता, तुझ्या बापाशीच्या वेळेक होती तशी होतली बाग."*

*विष्णूने भात कालवला.*

*"तू वर्सभर खय असतंस, काय खातंस, कोण बघता?" दत्ता म्हणाला. "साखर किती आसा तुझी? मोदक एकच घे."*

*सरिता दारात उभी होती. तिने विष्णूच्या पानात दुसरा मोदक ठेवला आणि त्याच्याकडे न बघता आत गेली.*

*जेवण झाल्यावर विष्णू एकटाच बागेत उतरला. विहिरीकडच्या कलमाच्या बुंध्याभोवती पहारीची भोकं गोल दिसत होती. त्याने मोजली.*

शांतादुर्गा_पायरी

दुसरा मोदक. बास, मला सरिता मिळाली.

पेटी_मृदंग

"तुझ्या बापाशीच्या वेळेक" हा खरा राक्षसपार्ट! कारण तो प्रेमाने बोलतोय. मात्र विष्णूला इथे एकही वाक्य नाही. पुन्हा "कमी बोलणारा" झालाय. त्याला काहीतरी खोटं बोलू दे.

परदेशी_पाटी

माझी काळजी तुम्ही दत्ताच्या तोंडात घातलीत. मी उलट सांगितलं होतं, पण हे जास्त झोंबतं.

देवगड_बागायत

तुकडा छान. दोन दुरुस्त्या. बाग कराराने दिलीये तर दत्ताची बोटं औषधाने पिवळी कशी? काजूचं किंवा नारळाचं काहीतरी दाखवा. आणि भाद्रपदात बागेत गवत गुडघाभर असतं, भोकं बुजवलेली असतात, पावसाने माती बसलेली असते. उभ्याने दिसणार नाहीत, मोजणं तर सोडाच. त्याला चप्पल काढून पायाने चाचपडू द्या. आणि फुरसं असतं हो त्या दिवसांत, हातात काठी द्या.

वकीलबाई_सावंतवाडी

पंगतीत सुमन दिसली नाही. चतुर्थीला माहेरी येत नाही की तुम्ही बोलावलंच नाहीत?

वाघोटणचा_वारा

आलीय. आत सरिताबरोबर मोदक वळायला बसलीय. तो भाग अर्धा झालाय, रविवारपर्यंत टाकतो. बागायतकाका, काठी दिली.